शीड अर्ध्यावर का अडकते?

प्रश्न : आमची 22 फुटी शिडाची होडी आहे. मुख्य शीड उतरवताना हॅलयार्ड (शीड वर चढवणारा दोर) सोडला की ते हातभर खाली येते आणि अडकते. ओढावे तर आणखी घट्ट बसते. गेल्या वेळी तर बूम (शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा) धाडकन कॉकपिटवर, म्हणजे आम्ही बसतो तिथे, आदळला. काय चुकते?

उत्तर : शिडात वारा भरलेला असताना ते उतरवायला घेता, हे चुकते. वाऱ्याच्या दाबाने कडेचे स्लाइड (शिडाला लावलेले, खाचेत सरकणारे छोटे तुकडे) डोलकाठीच्या खाचेत तिरके बसतात. ओढाल तेवढे रुततात. कापड झेंड्यासारखे फडफडू लागेपर्यंत हॅलयार्डला हात लावू नका.

त्यासाठी पुढचे शीड आधी गुंडाळा आणि होडीचे तोंड वाऱ्याकडे करा. इंजिन मंद चालू ठेवा, कारण होडी थांबली की सुकाणू ऐकत नाही. (त्याआधी पाण्यात दोर लोंबत नाही ना, ते बघा, प्रॉपेलरला तेवढेच निमित्त लागते.) इंजिन नसेल तर वारा तिरका पुढून, साधारण 60 अंशांवरून घ्या आणि मेनशीट (बूमला आवरणारा दोर) पूर्ण सोडा. मागून वारा असताना हे साधत नाही: बूम बाजूच्या तारांना टेकतो आणि शीड भरलेलेच राहते.

बूम आदळतो, कारण तोवर त्याला शिडानेच पेललेले असते. व्हँग (बूम खाली खेचून धरणारा दोर) सैल करून टॉपिंग लिफ्ट (डोलकाठीच्या टोकावरून बूमचे मागचे टोक पेलणारा दोर) ओढा, बूम दोन-तीन इंच वर येऊ द्या. ती सोय नसेल तर एकाने बाजूला उभे राहून बूम हातावर घ्यावा.

हॅलयार्ड सोडताना विंचवर (दोर गुंडाळून ओढायच्या ढोलावर) एक वेढा राहू द्या. दुसऱ्याने डोलकाठीशी उभे राहून शिडाची पुढची कड खाली ओढावी. मागची कड ओढली की स्लाइड पुन्हा तिरके होतात.

एवढे करूनही अडकले तर वर बघा. शिडाच्या टोकापाशी हॅलयार्ड सैल लोंबत असेल तर स्लाइड अडकले आहेत. ताठ असेल तर दोरच कुठेतरी अडकला आहे, बहुधा क्लचमध्ये (दोर पकडून ठेवणाऱ्या चापात) पीळ पडून. दरवेळी एकाच उंचीवर अडकत असेल तर तिथली खाच आणि तुटका स्लाइड तपासा. खाच गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून कोरडा सिलिकॉन स्प्रे मारा. ग्रीस नको, त्यावर धूळ बसते आणि कापडाला डाग पडतात.

शीड खाली आले की मेनशीट ताणून बूम स्थिर करा, घड्या घालून तीन-चार पट्ट्यांनी बांधा.

प्रश्न : शीड काढताना हॅलयार्डचा शॅकल (दोर शिडाला जोडणारी कडी) हातातून सुटून डोलकाठीच्या टोकाला गेला. वर चढू का?

उत्तर : हलत्या पाण्यात मुळीच नाही. धक्क्याला लागून डोलकाठी आडवी करता येत असेल तर तीच करा. यापुढे शॅकल शिडातून काढला की लगेच, दुसरे काही करण्याआधी, बूमच्या टोकाला अडकवत जा. आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला आठाच्या आकड्याची गाठ आहे ना, तेही बघा. ती नसेल तर तेही टोक असेच वर निघून जाईल.