एक्स्टेन्शनच्या आधी टूलचेन तपासा

दोन वर्षांपूर्वी व्हीएस कोड या कोड-संपादकातील स्विफ्ट या प्रोग्रॅमिंग भाषेचे एक्स्टेन्शन (जोड-प्रोग्रॅम) कंटाळून सोडले, आता दुसरी आवृत्ती घेतली तरी विशेष फरक जाणवत नाही, मग अ‍ॅपलचा एक्सकोड हा संपादक सोडून इकडे यावे का, असे आपण विचारले आहे. फरक का जाणवत नाही ते आधी सांगतो.

या एक्स्टेन्शनची बहुतेक हुशारी उसनी आहे. नावे सुचवणे, व्याख्येपर्यंत नेणे, चुका अधोरेखित करणे ही कामे सोर्सकिट-एलएसपी हा स्वतंत्र प्रोग्रॅम करतो आणि तो स्विफ्टच्या टूलचेनबरोबर, म्हणजे कंपायलर, डीबगर वगैरे साधनांच्या संचाबरोबर, येतो. म्हणून एक्स्टेन्शन ताजे असले, पण टूलचेन जुनी, म्हणजे ५.१०, असेल, तर अनुभव जुनाच येणार. टर्मिनलमधील आवृत्तीवरही विसंबू नका. संपादक वेगळीच टूलचेन वापरत असू शकतो. माझी एक संध्याकाळ अशीच वाया गेली आहे. कमांड पॅलेटमधील (संपादकाच्या आज्ञांच्या यादीतील) ‘सिलेक्ट टूलचेन’ने खात्री करून घ्या.

आपण कंटाळलात त्याचे कारण बहुधा इंडेक्स, म्हणजे कोडमधील नावांची सूची, हे असावे. एका मॉड्यूलमध्ये (कोडच्या एका स्वतंत्र भागात) नवे फंक्शन लिहिले, तरी पूर्ण बिल्ड केल्याशिवाय, म्हणजे सगळा कोड कंपाइल केल्याशिवाय, दुसऱ्या मॉड्यूलला त्याचा पत्ता नसे. टूलचेनच्या ६.० मध्ये पार्श्वभूमीवर इंडेक्स तयार करण्याची सोय प्रायोगिक म्हणून आली आणि मार्च २०२५ च्या ६.१ पासून ती आपोआप चालू असते. माझ्या मते खरा बदल हाच आहे, बाकीचे त्यानंतर. मात्र ती फुकट मिळत नाही. या इंडेक्ससाठी ‘.बिल्ड’ फोल्डरमध्ये वेगळे बिल्ड साठवले जाते, त्यामुळे डिस्कवर जास्त जागा लागते, आणि अवलंबित्वे (बाहेरून घेतलेली पॅकेजे) पुष्कळ असलेले पॅकेज, म्हणजे कोडचा संच, प्रथम उघडल्यावर पंखा बराच वेळ फिरत राहतो. तेवढा धीर धरावा.

डीबगिंगचीही, म्हणजे चालत्या प्रोग्रॅममधील चुका शोधण्याचीही, कथा तशीच आहे. पूर्वी कोडएलएलडीबी हे वेगळे एक्स्टेन्शन लागे. आता ६.० किंवा पुढची टूलचेन असेल, तर तिच्यातलाच एलएलडीबी-डॅप हा डीबगरचा दुवा वापरला जातो. स्विफ्टच्या डीबगरच्या पोटात कंपायलरच असतो. म्हणून दोघे एकाच टूलचेनमधले असले, की ब्रेकपॉइंटवर (प्रोग्रॅम थांबवण्याच्या खुणेवर) चलांच्या किमती पाहताना होणारी कुरकुर पुष्कळ कमी होते.

चाचण्यांच्या खिडकीत एक्ससीटेस्ट आणि स्विफ्ट टेस्टिंग या दोन्ही चाचणी-साधनांच्या चाचण्या एकाच यादीत दिसतात, कव्हरेजही (चाचण्यांनी किती कोड तपासला ते) तिथेच मिळते. टूलचेन ६.२ घेतल्यास डॉकसी या स्विफ्टच्या दस्तऐवज-साधनाचे दस्तऐवज लिहितानाच शेजारी पाहता येतात. मला त्याची गरज क्वचितच पडते.

एक्सकोडबद्दल मात्र सावध उत्तर देतो. हे एक्स्टेन्शन ‘पॅकेज.स्विफ्ट’ ही पॅकेजची वर्णनफाइल ओळखते, एक्सकोडची प्रकल्पफाइल त्याला थेट समजत नाही. स्विफ्टयूआयचे (अ‍ॅपचे पडदे रचण्याच्या साधनाचे) प्रीव्ह्यू आणि अ‍ॅपचे साइनिंग (डिजिटल सही) एक्सकोडकडेच राहते. मी अ‍ॅपमधील नेटवर्क, मॉडेल आणि हिशेबाचा भाग स्थानिक पॅकेजांत काढून ती पॅकेजे व्हीएस कोडमध्ये लिहितो. अशा पॅकेजमध्ये यूआयकिट हे आयफोनच्या पडद्यांचे साधन आयात करू नका, कारण इथले साधे बिल्ड आयफोनसाठी नव्हे, तर आपण बसलेल्या मॅकसाठी होते आणि तिथे ते अडते. लिनक्सवर व्हेपरसारख्या (स्विफ्टमधील वेब-साधनासारख्या) सर्व्हरचे काम असेल, तर मात्र बिनधास्त इकडे या.

एक बारीकसे काम राहिले. दुसऱ्या आवृत्तीपासून या एक्स्टेन्शनची व्हीएस कोडच्या एक्स्टेन्शन-बाजारातील ओळख बदलली आहे. पूर्वी ते स्विफ्टच्या सर्व्हर कार्यगटाच्या नावावर होते. जुनी नोंद आपल्या यादीत उरली असेल, तर ती काढून संपादक पुन्हा सुरू करा. त्यानंतरही सूचना येत नसतील, तर आउटपुट पॅनेलमध्ये सोर्सकिटच्या भाषासर्व्हरची नोंदवही उघडून तिच्यातील शेवटच्या ओळी इथे द्या, म्हणजे पुढे पाहता येईल.