घानातील किल्ले एका दिवसात

प्रश्न : अक्रा येथे मुक्काम असताना गुलामांच्या व्यापाराची ठिकाणे मार्गदर्शकासोबत एका दिवसात पाहता येतील का? बरोबर बारा वर्षांची मुलगी आहे.

उत्तर : येतील, मात्र केप कोस्ट सुमारे १५० किलोमीटरवर असल्याने पहाटेच निघावे. तेथील किल्ल्यातील पुरुष बंदिवानांच्या तळघराच्या अगदी वर इंग्रजांचे प्रार्थनागृह होते. खाली उतरल्यावर उंचावरचे चिंचोळे झरोके आणि मैला वाहून नेण्यासाठी जमिनीत खोदलेले उथळ चर पाहताना मन सुन्न होते. बंदिवानांना जहाजांकडे नेले जाई ते ‘न परतीचे द्वार’ ओलांडून समुद्राकडे गेल्यावर मागे वळून अवश्य पाहावे, कारण बाहेरच्या बाजूस ‘परतीचे द्वार’ अशी पाटी आहे. १९९८ मध्ये जमैका आणि अमेरिकेतून आणलेले दोन गुलामांचे अवशेष याच दारातून आत नेऊन असिन मान्सो येथे, जिथल्या नदीत बंदिवानांना अखेरचे स्नान घालत, सन्मानाने दफन करण्यात आले. पोर्तुगिजांनी १४८२ मध्ये बांधायला घेतलेला एल्मिनाचा किल्ला जवळच आहे. तिन्ही ठिकाणे एका दिवसात उरकू नयेत, असे मला मनापासून वाटते. मुलीला आदल्या दिवशीच सारे समजावून सांगावे आणि तळघरात तिचा हात धरावा.