ट्रुथ, ट्री आणि देवदार

एकानं विचारलंय की इंग्रजीतला 'ट्रुथ' (सत्य) आपल्या 'ऋत'वरून, म्हणजे वेदातल्या सत्याच्या शब्दावरून, गेला का, आणि 'ट्रू' न 'रिअल'मध्ये फरक काय. पहिल्याचं उत्तर, नाही. आठवड्यातून दोनदा तरी कोणी ना कोणी ते 'ऋत म्हणजेच ट्रुथ' फॉरवर्ड करून राह्यलं, म्हणून जरा चिडूनच लिहितो. अहो, 'ट्रुथ'मधला शेवटचा थ नुसता प्रत्यय आहे, 'वॉर्म'चं 'वॉर्म्थ' होते तसा. तो काढला की उरते 'ट्रू', त्यात ऋत कुठं दिसते? 'सत्'चा सख्खा भाऊच पाहिजे असेल तर तो इंग्रजीत 'सूथ' म्हणजे सत्य, 'सूथसेयर' (भविष्य सांगणारा) मधला.

'ट्रू'चं संस्कृतशी नातं आहे पण ते दुसरीकडून. आपल्या द च्या जागी इंग्रजीत ट येतो, दश-टेन, द्वि-टू, दंत-टूथ, तसंच दारु म्हणजे लाकूड (देवदारातलं, प्यायची दारू वेगळी, ती फारसी) आणि 'ट्री'. आणि ह्याच घराण्यातला 'ट्रू'! झाडासारखा पक्का, शब्दाला जागणारा. जुन्या इंग्रजीत 'ट्रुथ' म्हणजे निष्ठा, दिलेलं वचन, सत्य हा अर्थ नंतर चिकटला. लग्न ठरवायचा 'बिट्रोथ' त्यातलाच.

आता भांडण असं की १९०१ मध्ये ओस्टहॉफ नावाच्या जर्मन पंडितानं म्हटलं, आधी ओकचं झाड, निष्ठा त्यावरून. फ्रेंच भाषापंडित बेनव्हेनिस्तनं नंतर ते उलटवलं, मूळ अर्थ 'घट्ट', झाड त्यातून. मला हे बेनव्हेनिस्तचं अजिबात पटत नाही. ओक सोडा, पण साधं लाकूड का नको? हित्ती ह्या तुर्कस्तानातल्या प्राचीन भाषेतला 'तारु'सुद्धा लाकूडच. नागपूरच्या लकडगंजात आरामशीनीजवळ उभं राहून सागवानाच्या गाभ्यावर बोटं आपटून पाहा, पक्कं म्हणजे काय ते हाताला आधी कळते, शब्द मागून येतो. आणि पुरावा तर घरातच आहे, 'दारुण'! दारुण पराभव म्हणतो न आपण, त्याचा जुना अर्थ कठोर, टणक, म्हणजे दारूसारखा, लाकडासारखा. जुने वैयाकरण दारु न दारुण हे दोन्ही शब्द 'दॄ' म्हणजे फाडणे ह्या धातूतून काढतात, पण फाडण्यातून टणकपणा कसा निघतो ते कोणी समजावून सांगत नाही. आपला 'खरा'ही मी ह्याच ओळीत बसवतो, संस्कृत 'खर' म्हणजे कडक, 'प्रखर'मधला तोच.

'रिअल'चं राह्यलंच, तो लॅटिन 'रेस' म्हणजे वस्तू ह्यावरून, झाडाशी त्याचा काही संबंध नाही.