वाचकांचे प्रश्न : पायाचा हिशेब वेगळा, पैशाचा वेगळा

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरात आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत दोनच विषय असतात, कुठे दुखतेय आणि देणग्या कशा जमतील. यंदा बऱ्याच पत्रांत दोन्ही एकत्र आले आहेत. स्वतःसाठी धावणारा माणूस पाय दुखला की थांबतो. संस्थेसाठी पैसे जमवणाऱ्याला मात्र थांबण्याची लाज वाटते, आणि दुखणे अंगावर काढणारे बहुतेक जण यातलेच.

वय ३८. मुलींच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या संस्थेकरता पूर्ण मॅरेथॉन धावणार आहे. दिवाळीत बारा दिवस सराव बुडाला, तो भरून काढायला आठवड्याचे ३४ किलोमीटर एकदम ५५ वर नेले. आता उजव्या नडगीला आतल्या बाजूने दुखते. नऊ आठवडे उरलेत. धावत राहू का? मार्गशीर्षातले गुरुवारचे उपवासही करते. (डोंबिवली)

धावू नका. किती दिवस थांबायचे, ते नेमके कुठे दुखते यावर ठरेल.

खुर्चीवर बसा आणि नडगीच्या हाडाच्या आतल्या कडेवरून घोट्याकडून वर अंगठा दाबत न्या. चार बोटे किंवा त्याहून लांब पट्टा दुखत असेल, धावायला लागल्यावर दुखते आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर बहुधा ते शिन स्प्लिंट आहे. हाडाची ही कड आणि तिच्यावरचे आवरण ताणाने चिडलेले असते. रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी बोट टेकताच कळ येत असेल, धावताना दुखणे वाढतच जात असेल, चालताना किंवा रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असण्याची शंका घ्यायची. अशा वेळी त्या पायावर उड्या मारून ‘बघू जरा’ म्हणू नका. अस्थितज्ज्ञांकडे जा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे बऱ्याचदा स्वच्छ येतो, म्हणून एक्स-रेत काही नाही यावर निर्धास्त होऊ नये. खरी परिस्थिती एमआरआयमध्ये कळते. चीर निघाली तर यंदाची शर्यत सोडा, नऊ आठवड्यांत ते गणित बसत नाही. (जांघेत खोलवर दुखत असेल आणि पायावर भार दिला की वाढत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. खुब्याच्या हाडाची चीर सरकली तर शस्त्रक्रियेची वेळ येते.)

असे का झाले ते तुमच्या पत्रातच आहे. धावण्याचा ताण वाढला की हाड आधी जुना भाग झिजवते आणि मग नवा भरते. भरण्याचे काम झिजण्याच्या मागून चालते, त्याला आठवडे लागतात. दम आणि स्नायू त्याआधीच तयार होतात, त्यामुळे ‘जमतंय की’ असे वाटत राहते. बुडालेला सराव कधीही भरून काढायचा नसतो. तो सोडून द्यायचा आणि होतो तिथून थोडे मागे येऊन पुढे चालू करायचे.

शिन स्प्लिंट असेल तर साधारण दोन आठवडे धावणे पूर्ण बंद ठेवा. दम टिकवायला एक दिवसाआड ४५ मिनिटे सायकल चालवा, किंवा तरणतलावात खोल पाण्यात कमरेला तरंगता पट्टा बांधून, पाय तळाला न टेकता धावा. पाण्यातले धावणे हास्यास्पद दिसते, पण जमिनीवरच्या धावण्याच्या इतके जवळ जाणारे दुसरे काही नाही. पोटरीचा व्यायाम एक दिवसाआड करा : पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा वर-खाली, गुडघा सरळ ठेवून १५ वेळा, किंचित वाकवून १५ वेळा, दोन्हींचे तीन-तीन फेरे. गुडघा वाकवलेला प्रकार कंटाळवाणा म्हणून बहुतेक जण सोडतात. पोटरीचा खोलवरचा स्नायू त्यानेच तयार होतो, आणि धावताना नडगीवरचा भार हलका करतो तो हाच. तेल लावून हाडावर जोरात रगडून घेऊ नका. मालिश पोटरीच्या मांसल भागाला चालेल, दुखऱ्या हाडाला नाही.

सलग दोन दिवस अर्धा तास भरभर चालून काहीच दुखले नाही की मातीच्या मैदानावर सुरुवात करा. एक मिनिट धावणे, चार मिनिटे चालणे, असे सहा वेळा. पुढे दोन-तीन, मग तीन-दोन, मग चार-एक. दर वेळी मध्ये एक दिवस सुट्टी, आणि प्रत्येक पायरी दोनदा पार पडल्याशिवाय पुढची नाही. दहापैकी दोनपर्यंत दुखले आणि दुसऱ्या सकाळपर्यंत शांत झाले तर चालेल. सकाळी उठल्यावर ठणका उरला तर एक पायरी खाली. पाऊल थोडे आखूड टाका. तीस सेकंदांत दोन्ही पायांची मिळून ८० पावले पडत असतील तर ८५ करा, वेग तोच ठेवा. प्रत्येक पावलाचा दणका त्याने कमी होतो. बुटांनी ५०० ते ८०० किलोमीटर ओलांडले असतील तर तेही बदला, पण शर्यतीच्या आठवड्यात नव्हे.

आता हिशेब करा. दोन आठवडे विश्रांती, सुमारे अडीच आठवडे धाव-चाल, शेवटचे दोन आठवडे सराव हळूहळू कमी करण्याचे. मध्ये उरतात दोन-अडीच आठवडे. तेवढ्यात लांब पल्ल्याची धाव फार तर १६-१८ किलोमीटरपर्यंत सुरक्षितपणे जाईल. ४२.१९५ किलोमीटरसाठी ते पुरेसे नाही. आयोजकांच्या नियमात अंतराचा गट बदलता येत असेल तर अर्धी मॅरेथॉन घ्या, नसेल तर यंदा माघार घ्या.

उपवासाबद्दल. उपवास सोडा असे म्हणत नाही, पण गुरुवारी लांब किंवा वेगाची धाव ठेवू नका, तो दिवस सुट्टीचा करा. साबुदाण्यात पिष्ट भरपूर आणि प्रथिने जवळजवळ नाहीत, तेव्हा जोडीला दूध, दही, शेंगदाणे घ्या. सराव वाढलेला असताना कमी खाल्ले की हाडाच्या भरणीला साहित्यच मिळत नाही. गेल्या काही महिन्यांत पाळी लांबली किंवा चुकली असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. ‘ड’ जीवनसत्त्वाची तपासणीही करून घ्या.

४६ जणांकडून १ लाख १० हजार रुपये जमले आहेत. घोट्याचा अस्थिबंध फाटल्यामुळे आता धावता येणार नाही. पैसे परत करावे लागतील का? लोकांना काय तोंड दाखवू? (पुणे)

लोकांनी पैसे तुमच्या घोट्याला दिले नाहीत, संस्थेच्या कामाला दिले. पैसे इंटरनेटवरच्या देणगी-पानावरून थेट संस्थेकडे गेलेत, ते परत करणे तुमच्या हातातही नाही. लाज वाटावी अशी एकच गोष्ट इथे घडू शकते, ती म्हणजे शर्यत होऊन गेल्यावर लोकांना दुसऱ्याकडून कळणे.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी संस्थेला कळवा, आजच. तुमची जागा संस्थेच्या कोट्यातली असेल आणि बदलाची मुदत उरली असेल तर ती दुसऱ्याला मिळू शकते. मग दोन दिवसांच्या आत प्रत्येक देणगीदाराला वेगळा निरोप पाठवा. एवढा मजकूर पुरे : ‘घोट्याला दुखापत झाल्यामुळे डॉक्टरांनी जानेवारीत धावायला मनाई केली आहे. तुमची देणगी संस्थेला पोहोचली आहे आणि ठरलेल्या कामालाच वापरली जाईल. शर्यतीच्या दिवशी मी पाणी देणाऱ्या स्वयंसेवकांत असेन. काही शंका असेल तर जरूर फोन करा.’ पट्टी बांधलेल्या पायाचा एक फोटो ठीक. रोज एक टाकलात तर लोक देणगीऐवजी सहानुभूती देऊन मोकळे होतात.

कुणी ‘किलोमीटरमागे शंभर रुपये’ असे कबूल केले असेल तर त्यांच्याशी मात्र स्पष्ट बोला. अट त्यांची आहे, ती बदलायची की नाही हेही त्यांनीच ठरवायचे. फिजिओथेरपिस्टची परवानगी असेल तर पर्याय सुचवता येतो, जसे घरातल्या स्थिर सायकलवर महिनाभरात ठरावीक अंतर. पर्याय सुचवायचा म्हणून पाय पुन्हा दुखावून घेऊ नका.

पुढचे पैसे जमवणे थांबवू नका. माघारीचा निरोप गेल्यावर अनेकदा नव्या देणग्या येतात, कारण तोवर नुसते ‘देतो’ म्हणून राहिलेल्यांना निमित्त मिळते. व्हॉट्सॲप गटात आवाहन टाकून काही होत नाही, दुसरा कुणी देईल असे प्रत्येकाला वाटते. एकेकाला नावाने लिहा, रक्कम सांगा आणि त्या रकमेत काय होते ते संस्थेकडून लेखी घेऊन सांगा. पगारानंतरचा पहिला आठवडा निवडा. नोकरी मोठ्या कंपनीत असेल तर मनुष्यबळ विभागाला विचारा. काही कंपन्या कर्मचाऱ्याने दिलेल्या रकमेइतकीच भर स्वतः घालतात, आणि कुणी विचारत नाही म्हणून तो निधी पडून राहतो.

नातेवाईक म्हणतात, ‘तुझ्या खात्यावर पाठवतो, तू एकदम भर.’ देणगीवरची करसवलत (८०जी) त्यांना मिळेल ना? आणि ५० टक्के सवलत म्हणजे निम्मे पैसे परत का? (नाशिक)

दोन्हींचे उत्तर नाही.

पावती पैसे भरणाऱ्याच्या नावाने निघते. तुम्ही एकत्र भरलेत तर देणगीदार तुम्ही ठरता आणि मावशी-काकांना काहीच मिळत नाही. वर कुणी हिशेब मागितला तर द्यायला तुमच्याकडे फक्त बँकेचा उतारा असतो. प्रत्येकाने स्वतःच्या खात्यातून, स्वतःचा पॅन देऊन, संस्थेच्या पानावरच भरावे. रोखीने २,००० रुपयांपेक्षा जास्त दिल्यास सवलत नाही. देणगी-पानावरून लगेच येणारी ई-मेल ही पोच असते. विवरणपत्रासाठी संस्थेने आयकर पोर्टलवरून काढलेले देणगी प्रमाणपत्र लागते. आर्थिक वर्ष संपल्यावर ते आले नाही तर संस्थेकडे मागा.

५० टक्क्यांचा अर्थ असा : १०,००० रुपये दिले तर ५,००० रुपये करपात्र उत्पन्नातून वजा होतात. तुम्ही २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर वाचतात १,००० रुपये, वर उपकराचे ४०. तेही जुनी करप्रणाली निवडली असेल तरच, नव्या प्रणालीत ही सवलत नाही. ‘निम्मे परत मिळतात’ असे सांगून देणगी मागणारे पुढच्या वर्षी त्या घरी पुन्हा जाऊ शकत नाहीत. शर्यतीचे प्रवेशशुल्क म्हणजे देणगी नव्हे, हेही लक्षात ठेवा.

न्यू जर्सीचा भाऊ (आता अमेरिकी नागरिक) आणि ह्यूस्टनचा भाचा (भारतीय पासपोर्ट) दोघेही देणगी देऊ म्हणतात. (ठाणे)

कुठे राहतात याला महत्त्व नाही, पासपोर्ट कुठला ते पाहायचे. भाचा भारतीय नागरिक आहे. त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्गे दिलेले पैसे परदेशी योगदान धरले जात नाहीत. भाऊ अमेरिकी नागरिक, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असले तरी कायद्याच्या दृष्टीने परदेशी स्रोत. त्याची देणगी एफसीआरए, म्हणजे परदेशी योगदानाच्या कायद्याखालची नोंदणी असलेली संस्थाच घेऊ शकते, तीही स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यात. म्हणून आधी संस्थेला विचारा. नोंदणी नसेल तर भावाने तुम्हाला पाठवायचे आणि तुम्ही पुढे द्यायचे, हा वळसा घालू नका. त्यात अडचणीत संस्था येते.

सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला की टाचेत सुई टोचल्यासारखे होते, दहा-बारा पावलांनी कमी होते. दहा किलोमीटर धावायचे आहे. इंजेक्शन घेऊन टाकू का? (कोल्हापूर)

ही तळपायाच्या पट्ट्याची, म्हणजे प्लांटर फॅसियाची तक्रार दिसते. शर्यत निभावण्यासाठी स्टिरॉइडचे इंजेक्शन घेऊ नका. दुखणे दबते, पण पट्टा फाटण्याचा धोका वाढतो, आणि सुन्न टाचेवर दहा किलोमीटर म्हणजे त्या धोक्याला आमंत्रणच.

पायरीच्या कडेवर पायाच्या बोटांखाली गुंडाळलेला पंचा ठेवा, बोटे वर वळलेली राहतील इतका जाड. एका पायावर टाच तीन सेकंदांत वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. बारा वेळा, तीन फेरे, एक दिवसाआड. सोपे वाटू लागले की पाठीवर पुस्तके भरलेली सॅक घ्या. फरक पडायला महिने लागतात, दोन आठवड्यांत गुण नाही म्हणून सोडू नका. आपल्याकडे हे बरे न होण्याचे एक कारण घरातच आहे. दिवसभर फरशीवर अनवाणी वावरणे. घरात घालायला जाड, मऊ तळव्याची वेगळी चप्पल ठेवा, स्वयंपाकघरातसुद्धा. धावणे पूर्ण बंद करायची गरज सहसा नसते, पण चढ आणि वेगाच्या फेऱ्या तूर्त वगळा.

शर्यतीआधी एक वेदनाशामक गोळी घेतली तर काय बिघडते? (वसई)

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह कमी करतात. घाम गाळत चार-पाच तास धावताना तो आधीच कमी झालेला असतो. पोटात रक्तस्राव होऊ शकतो. शरीर पाणी धरून ठेवते, वर प्रत्येक टेबलावर तहान नसताना पाणी ढोसले की रक्तातले सोडियम धोकादायक पातळीला उतरते. गोळी घेतल्याशिवाय सुरुवातीच्या रेषेवर उभे राहता येत नसेल, तर उभे राहू नका.

मी धावणार नाही, माझा बिब (छातीवर लावायचा क्रमांक) भाच्याला देऊ? (बोरिवली)

नाही. बिब हस्तांतरणीय नसतो. भाचा वाटेत कोसळला तर वैद्यकीय पथकाच्या हाती तुमचे वय, तुमची औषधे आणि तुमच्या घरचा फोन नंबर पडेल.