आई-बाबांना घेऊन आफ्रिकन सफारीला जायचं आहे. बजेट चांगलं आहे, पण निसर्गाला त्रास न देणारी लक्झरी हवी. कसं ठरवावं?

मी केनियाबद्दलच लिहिते, कारण तिथे दोनदा जाऊन आले आहे आणि दुसऱ्या वेळी सोबत सासू-सासरेही होते.

पहिल्या वेळी मी ‘इको लॉज’ या शब्दावर विसंबले. छतावर सौर पॅनल होते, खोलीत ‘टॉवेल पुन्हा वापरा’ अशी पाटी होती, म्हणून समाधान वाटलं. दुसऱ्या सकाळी मसाई मारा अभयारण्यात एका चित्त्याच्या मादीभोवती मी तेवीस गाड्या मोजल्या. तिची दोन पिल्लं गवतात दबून बसली होती आणि ती एकसारखी मान वळवून गाड्यांमधून वाट शोधत होती. ताडोब्यात वाघाभोवती जिप्सी जमलेल्या पाहिल्या असतील तर तो प्रकार तुम्हाला ठाऊक आहे. त्या दिवशी लक्षात आलं की मी सगळी चौकशी खोलीची केली होती, जमिनीची काहीच केली नव्हती.

म्हणून माझा सल्ला असा, की आधी जमीन निवडा, मग तंबू. मारा अभयारण्याच्या उत्तरेला आणि पूर्वेला ‘कन्झर्व्हन्सी’ आहेत: मारा नाबोइशो, ओलारे मोतोरोगी, मारा नॉर्थ, ओल किन्येई. ही जमीन सरकारी नाही, मसाई या तिथल्या गुरं पाळणाऱ्या जमातीतल्या कुटुंबांच्या मालकीची आहे. ही कुटुंबं आपापले तुकडे एकत्र करून कॅम्पवाल्यांना भाड्याने देतात. पर्यटक आले काय, न आले काय, ठरलेलं भाडं मिळतं. बदल्यात जमिनीला कुंपण घालायचं नाही. ही कुंपणाची अट फार महत्त्वाची आहे. माराच्या आसपास जिथे तारा ठोकल्या गेल्या, तिथे विल्डबीस्ट (गायीसारखं दिसणारं मोठं हरीण) आणि झेब्रांच्या जुन्या वाटा तुटल्या. तुम्ही रात्रीचे जे पैसे मोजता त्यातून ती जमीन उघडी राहते, आणि सौर दिव्यांपेक्षा कितीतरी मोठं काम होतं ते हे. तुम्हाला तिथे मसाईंची गुरं चरताना दिसतील. नियमात बसवलेली चराई आहे ती, तक्रार करू नका.

कन्झर्व्हन्सीत तंबूंची संख्या एकरांच्या हिशेबाने ठरलेली असते, आणि एका प्राण्यापाशी किती गाड्या थांबतील यालाही मर्यादा असते. नाबोइशोत आमच्या गाइडने सिंहांच्या कळपापासून लांब गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि पुढच्या गाड्या निघेपर्यंत तसाच बसून राहिला. वीस मिनिटं नुसता वारा आणि गवताचा आवाज. सासरे नंतर कितीतरी दिवस सिंहांपेक्षा त्या शांततेबद्दलच बोलत होते. मला विचाराल तर लक्झरी ही. शिवाय रात्रीची सफारी आणि गाइडसोबत पायी फिरणं इथे करता येतं, मुख्य अभयारण्यात नाही.

अंघोळीला नळाऐवजी ‘बकेट शॉवर’ होता. संध्याकाळी कॅम्पमधला मुलगा बाहेरून हाक मारतो, गरम पाण्याची बादली दोरीने वर चढवतो आणि त्या साधारण वीस लिटरांत सगळं आटपायचं. सासूबाई आधी जरा नाराज होत्या, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, आपल्या बंबाची आठवण आली.

बुकिंग करताना कॅम्पला थेट मेल करून विचारा: जमीनमालकांना भाडं कसं दिलं जातं, वीज आणि सांडपाण्याचं काय करता, गाइड आसपासच्या गावांतले आहेत का. चांगला कॅम्प भरभरून लिहितो. इको-टुरिझम केनिया ही संस्था सुवर्ण, रौप्य, कांस्य अशी मानांकनं देते, तीही पाहा. सगळ्यात मोठा धूर मात्र विमानाचा असतो, तो टाळता येत नाही. म्हणून तीन देश नऊ दिवसांत उरकण्यापेक्षा एकाच भागात सहा-सात रात्री राहा. वडीलधाऱ्यांनाही तेच झेपतं.

विल्डबीस्ट आणि झेब्रांच्या कळपांचं स्थलांतर साधारण जुलै ते ऑक्टोबर माराच्या बाजूला असतं, गर्दीही तेव्हाच. अभयारण्याचं प्रवेशशुल्क परदेशी प्रौढांना जुलै ते डिसेंबर दिवसाला 200 डॉलर, जानेवारी ते जून 100 डॉलर, असं 2024 पासून आहे. नदी ओलांडणारे कळप बघायचेच असा हट्ट नसेल तर मी जानेवारी-फेब्रुवारी सुचवेन.

निघण्याआधी केनियाचा ईटीए, म्हणजे प्रवेशाचा इलेक्ट्रॉनिक परवाना, ऑनलाइन काढा. यलो फीव्हरची लस किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. तिचं प्रमाणपत्र नसेल तर भारतात परतल्यावर विलगीकरणात ठेवू शकतात. आई-बाबा साठीच्या पुढचे असतील तर या लसीबद्दल आधी डॉक्टरांशी नक्की बोला, त्या वयात जास्त काळजी घ्यावी लागते. मलेरियाच्या गोळ्यांचंही तेव्हाच विचारून घ्या. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून सुटणाऱ्या छोट्या विमानांत सहसा माणशी 15 किलोच सामान चालतं, तेही मऊ बॅगेत. शाकाहारी जेवणाची चिंता नको, केनियात गुजराती मंडळी पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि चपातीला तिथेही चपातीच म्हणतात.

आणि आई-बाबांसाठी जेवणाच्या तंबूजवळचा तंबू आधीच सांगून ठेवा. अंधार पडल्यावर रखवालदार टॉर्च घेऊन न्यायला येतो, पण वाट खडबडीत असते.