व्यंगचित्रांत बुद्धिबळाचा पट बहुतेक वेळा चुकीचाच का दिसतो?

कारण चित्रकार पट समोर मांडून काढत नाही, आठवणीतून काढतो. खेळाडूच्या उजव्या हाताचा जवळचा कोपरा पांढरा हवा आणि वजीर आपापल्या रंगाच्या घरात. पुण्यातल्या कुठल्याही बुद्धिबळाच्या वर्गात पहिल्याच दिवशी शिकवतात ते हे. पण दिवाळी अंक उघडा, निम्म्या हास्यचित्रांत कोपरा काळा! घरंही 64 क्वचितच. लहान चौकटीत तेवढी काढली तर छपाईत नुसता काळा ठिपका उरेल, म्हणून पाच-सहा ओळींत भागवतात. हे मी माफ करतो. उलटा कोपरा नाही, तो फुकटात बरोबर काढता येतो.

दुसरी गंमत शेवटाची. चित्रातला खेळाडू मात होईपर्यंत बेसावध असतो आणि मग डोळे पांढरे करतो. खरे मुरलेले खेळाडू डाव हातचा गेला की आधीच हार मानून हात मिळवतात. पण त्यात हसण्यासारखं काय?

राजकीय व्यंगचित्रांत तर डाव नसतोच. नेता राजा, कार्यकर्ता प्यादं, एवढ्यावर काम भागतं.

चांगलं काही बघायचं असेल तर पिक्सारचा 1997 चा 'गेरीज गेम' हा ऑस्करविजेता लघुपट बघा. बागेत एक आजोबा दोन्ही बाजूंनी स्वतःशीच खेळतात, हरायला लागले की हृदयविकाराचं सोंग करतात आणि समोरचा, म्हणजे दुसऱ्या बाजूचे तेच आजोबा, वाकला की गुपचूप पट फिरवतात. पैज कवळीची! असे आजोबा सारसबागेतही सापडतील.