पुस्तकातली आकृती आणि खरं शरीर

बाळा,

तुझा मेसेज वाचला. प्रजननसंस्थेचा चॅप्टर कितीही वाचला तरी डोक्यात बसत नाही, आकृती पाठ केली की दुसऱ्या दिवशी उडून जाते असं लिहिलंयस. उडणारच, कारण घोळ त्या आकृत्यांतच आहे.

पुस्तक उघड आणि नीट बघ, पुरुषाची आकृती बहुतेक वेळा बाजूने काढलेली असते आणि बाईची समोरून. समोरून काढायची म्हणजे मूत्राशय मधे येतं, म्हणून ते सरळ गाळून टाकतात, आणि मग चांगली शिकलेली माणसंसुद्धा समजून चालतात की बाईची लघवी आणि पाळी एकाच वाटेने येते. तसं नाहीये. पुढून मागे तीन वेगळ्या वाटा आहेत, आधी मूत्रमार्ग, मग योनी, मग गुदद्वार. पुरुषात मात्र लघवी आणि वीर्य खरंच एकाच मूत्रमार्गातून जातात, फक्त एकाच वेळी नाही, वीर्य बाहेर पडताना मूत्राशयाचं तोंड आवळलं जातं.

त्याच आकृतीत गर्भाशय अगदी ताठ उभं दाखवतात. प्रत्यक्षात बहुतेक जणींचं ते पुढे मूत्राशयावर वाकलेलं असतं, काहींचं मागे झुकलेलं असतं आणि तेही नॉर्मलच. लांबी साधारण साडेसात सेंटीमीटर, आणि आतली पोकळी म्हणजे नुसती फट, पुढची आणि मागची भिंत एकमेकींना टेकलेली. योनीचंही तेच, ती काही कायम उघडी नळी नाही.

आणि अंडवाहिन्या! त्या अंडाशयाला जोडलेल्या असतात असं आकृती बघून कुणालाही वाटेल. जोडलेल्या नसतात. स्त्रीबीज अंडाशयाबाहेर सुटतं ते पोटाच्या पोकळीत, आणि वाहिनीच्या टोकाची झालर अंडाशयावरून हलत हलत ते उचलून घेते. कधी कधी तर डावीकडचं बीज उजवीकडची वाहिनी उचलते, त्यामुळे एक वाहिनी काढून टाकलेल्या बाईला त्याच बाजूच्या अंडाशयातल्या बीजानेही दिवस राहू शकतात. मला हा भाग फार आवडतो, पण परीक्षेत कुणी विचारत नाही.

पुढचं सगळं टायमिंगचं आहे. सुटलेलं बीज १२ ते २४ तास टिकतं, शुक्राणू मात्र बाईच्या शरीरात ५ दिवसांपर्यंत जगू शकतात, म्हणून धोक्याचे म्हण किंवा संधीचे म्हण, असे दिवस बीज सुटायच्या आधीच सुरू होतात. भेट होते ती वाहिनीत, गर्भाशयात नाही. गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजायला आणखी ६ ते १० दिवस जातात, आणि तोवर ते अस्तर टिकवून धरणारं प्रोजेस्टेरॉन हे हॉर्मोन येतं अंडाशयातूनच, बीज सुटल्यावर मागे जी पिवळसर गाठ उरते तिच्यातून. गर्भ नाही रुजला तर साधारण दोन आठवड्यांत ती गाठ विरते, हॉर्मोन घसरतं आणि पाळी येते. म्हणजे बीज कधी सुटतं ते आधीच्या पाळीपासून पुढे मोजायचं नाही, पुढच्या पाळीपासून मागे मोजायचं. १४वा दिवस, १४वा दिवस जे सगळे घोकतात ते फक्त २८ दिवसांच्या चक्रात खरं, ३५ दिवसांचं चक्र असेल तर बीज २१व्या दिवसाच्या आसपास सुटतं.

पुरुषाच्या बाजूला टायमिंग नाही, उत्पादन आहे, रोजचं, वयात आल्यापासून. एक शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. वृषण शरीराबाहेर लटकतात कारण हे काम शरीरापेक्षा २-३ डिग्री कमी तापमानात नीट चालतं. तिथून अधिवृषणात, म्हणजे वृषणाला चिकटलेल्या गुंडाळलेल्या नळीत, शुक्राणू पिकतात, मग शुक्रवाहिनी त्यांना वर पोटात नेते, मूत्राशयाला वळसा घालून मागून प्रोस्टेटमधे, म्हणजे मूत्राशयाखालच्या ग्रंथीत, उतरवते. एवढा लांबचा फेरा कशाला? कारण वृषण गर्भात असताना किडनीजवळ तयार होतात आणि नंतर खाली सरकतात, येताना आपली रक्तवाहिनी आणि नसा सोबत घेऊन. म्हणून तर तिथे मार लागला की कळ पोटात जाते. वीर्याचा बराचसा भाग शुक्राशय आणि प्रोस्टेटचा द्रव असतो, शुक्राणू अगदी थोडे, त्यामुळे नसबंदीनंतर वीर्य दिसायला तसंच राहतं. नसबंदी झाल्या झाल्या मोकळीक मिळते असं समजू नये हां, वाहिनीत आधीचे शुक्राणू उरलेले असतात, टेस्टमधे नाहीत असं दिसेपर्यंत थांबावं लागतं.

आता खरी गंमत. गर्भ सहा-सात आठवड्यांचा होईपर्यंत मुलगा-मुलगी बघून कळत नाही, दोन्ही प्रकारच्या नळ्यांच्या जोड्या प्रत्येकात हजर असतात. वाय क्रोमोसोमवरचा एसआरवाय जीन (१९९० मधे सापडला) चालू झाला की वृषण बनतं, त्याची हॉर्मोन्स एक जोडी वाढवतात नि दुसरी घालवतात. नाहीतर ती दुसरी जोडी गर्भाशय आणि अंडवाहिन्या होते. बाहेरचंही तसंच, ज्या उंचवट्यातून शिश्न होतं त्यातूनच बाईचं क्लिटोरिस (शिश्निका) होतं, आणि ज्या घड्यांतून मोठी भगोष्ठं, म्हणजे योनीबाहेरचे मोठे ओठ, होतात त्याच मधे जुळून वृषणकोश होतो, त्यावरची मधली रेघ म्हणजे तो सांधा. क्लिटोरिस आकृतीत ठिपका म्हणून दाखवतात, असलं तर, पण त्याचा बराचसा भाग आत असतो, हेलन ओ'कॉनेल या ऑस्ट्रेलियन सर्जनने १९९८ मधे ते नीट मांडलं, म्हणजे बघ किती उशिरा.

लाजेबद्दलही लिहिलंयस. क्लासमधे योनी, शिश्न हे शब्द स्पष्ट उच्चार, दोन-चार जण हसतील, हसू देत. ज्याला नाव घेता येत नाही तो पेशंटला दुखतंय कुठे हे काय विचारणार.

तर पाठांतर बंद. कोरा कागद घे आणि बाईचीही आकृती बाजूने काढ, मूत्राशय, मूत्रमार्गासकट. मग दोघांच्या आकृत्यांवर बाण काढ, शुक्राणू कुठून कुठे, बीज कुठून कुठे, आणि प्रत्येक वळणावर हे इथे का आहे ते एका ओळीत लिही. जिथे लिहिता येणार नाही तिथे प्रश्नचिन्ह टाक आणि फोटो पाठव, रविवारी बसून बघते.